अलाइनमेंटच्या आधी बुश तपासा

महोदय,

पावसाळा सरत आला की घोडबंदर रस्त्यावरून, विशेषतः गायमुख घाटातून, आणि शीव-पनवेल महामार्गावरून रोज ये-जा करणाऱ्या मोटारींच्या मालकांची एक तक्रार हमखास ऐकू येते : गाडी एका बाजूला ओढते आणि खड्ड्यातून जाताना खालून ‘धप्प’ असा आवाज येतो. त्यावर गॅरेजमध्ये अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे), बॅलन्सिंग (चाकांचे वजन समतोल करणे) आणि फार तर जंपर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलणे, एवढे उपाय होतात. थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा ओढू लागते, टायर एका कडेने झिजत राहतो आणि मालकाला पुन्हा अलाइनमेंटच सुचवली जाते. सबफ्रेमचे आणि लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यांत धक्के शोषणारे, धातूच्या नळीवर बसवलेले रबरी भाग, मात्र कोणी पाहत नाही.

सबफ्रेम म्हणजे इंजिनाखालची मजबूत चौकट. चाकाला धरणारा खालचा दांडा म्हणजे लोअर आर्म आणि बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगचे वळण चाकांपर्यंत नेणारा स्टिअरिंग रॅकही तिलाच जोडलेले असतात. काही गाड्यांत ती बॉडीला जाड रबरी बुशांमधून बसवलेली असते, तर अनेक लहान गाड्यांत थेट बोल्टने कसलेली असते आणि बुश केवळ आर्मला असतात. तेव्हा आपल्या गाडीची रचना कोणती, हे आधी विचारून घ्यावे. रबर जुने झाले की त्याला भेगा पडतात, तेलगळती होत असेल तर ते फुगून मऊ पडते आणि शेवटी धातूच्या नळीपासून सुटते. मग ब्रेक दाबताच चाकांचे कोन बदलतात. उभ्या गाडीचे कोन यंत्रावर कितीही अचूक जुळवले, तरी रस्त्यावर ते टिकणार कसे?

ही तपासणी अवघड नाही. तुर्भ्याच्या एका गॅरेजमध्ये कारागिराने गाडी रॅम्पवर चढवून आर्मच्या मागच्या बुशाशेजारी टॉमी (लोखंडी पहार) घातली आणि हलकेच रेटली, तेव्हा वरून धड दिसणाऱ्या रबरात बोट जाईल एवढी फट उघडली. एवढे पाहिल्यानंतर ग्राहकाला वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

बदलण्याचे काम मात्र काळजीने व्हायला हवे. सबफ्रेम उतरवताना इंजिनाला वरून आधार द्यावा लागतो, चौकटीच्या मूळ जागेच्या खुणा करून ठेवाव्या लागतात आणि कंपनीने एकदाच वापरायचे म्हणून सांगितलेले बोल्ट नवेच घ्यावे लागतात. जुना बुश गॅसच्या ज्योतीने जाळून काढण्याची पद्धत तर बंदच व्हावी, कारण तो विषारी धूर कारागिराच्या छातीत जातो. या कामासाठी बुश दाबून बसवणारे प्रेस आणि ओढून काढणारे पुलर असतात. आर्मचे रबरी बुश बसवताना चाके लोंबकळत असतानाच बोल्ट पक्के कसले, तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा कस द्यावा, हा साधा नियम घाईत सर्रास मोडला जातो.

हल्ली तरुण मंडळी रबराऐवजी पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे कडक बुश बसवून घेतात. त्यांनी स्टिअरिंग नेमके होते हे खरे. पण रस्त्याचा प्रत्येक हादरा आणि इंजिनाची थरथर आत पोहोचते आणि योग्य ग्रीस नसेल तर ते करकरतात. शर्यतीच्या गाडीला ते शोभतील. आपल्या रस्त्यांवर घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन फिरणाऱ्या गाडीला मूळ प्रतीचे रबरच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठाणे आणि नवी मुंबईतील गॅरेजचालकांना माझी विनंती आहे की, अलाइनमेंटचे पैसे घेण्यापूर्वी बुश ग्राहकासमोर तपासावेत, काढलेला जुना भाग त्याच्या हाती द्यावा आणि पक्के बिल द्यावे. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. वाहन कंपन्यांनीही काही मॉडेलांत छोट्याशा रबरासाठी संपूर्ण आर्म विकत घ्यायला न लावता बुश सुटे उपलब्ध करून द्यावेत.

आपला,
एक वाहनधारक, ऐरोली, नवी मुंबई