पौल मुकाट्याने का गेला नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी संडे स्कूलमध्ये मुलांना बायबलमधील प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16 शिकवत होते. फिलिप्पै शहराच्या तुरुंगात येशूचा प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला, मध्यरात्रीची स्तोत्रे, भूकंप, उघडलेली दारे. आपले उपदेशही बहुधा इथेच थांबतात. एका मुलीने मात्र विचारले, "सकाळी सोडलं होतं ना, मग पौल गेला का नाही?" तिच्या प्रश्नासाठी हे पत्र.

पौलाने भविष्य सांगणाऱ्या एका दासीतला आत्मा काढला आणि तिच्या धन्यांची कमाई बुडाली. खरी पोटदुखी ही. पण बाजारपेठेत अधिकाऱ्यांपुढे धन्यांनी पैशाचे नावही काढले नाही. हे यहूदी आहेत, आम्हा रोमनांना न चालणारे रिवाज सांगतात, शहरात गोंधळ माजवतात, एवढे पुरले. जमाव उठला. ना चौकशी, ना जबाब. वस्त्रे फाडून छड्या मारल्या, आतल्या कोठडीत पाय खोड्यात अडकवले. पाठीवरच्या जखमा तशाच. त्या धुतल्या गेल्या मध्यरात्रीनंतर, आणि धुतल्या कोणी? ज्याने खोडा घातला त्याच बंदिशाळेच्या नायकाने. ही ओळ वाचताना मी दरवेळी थांबते.

उजाडल्यावर अधिकाऱ्यांचे चोपदार निरोप घेऊन आले, त्यांना सोडून द्या. चोपदारांसाठीच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ छडी बाळगणारे. आदल्या दिवशीच्या छड्या याच हातांतल्या असाव्यात. पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक. अपराध न ठरवता चारचौघांत मारलेत आणि आता गुपचूप घालवता? स्वतः येऊन बाहेर काढा. नागरिकाला चौकशीविना फटके मारणे रोमन कायद्याला मान्य नव्हते. अधिकारी घाबरले, आले, विनवू लागले.

काहींना हा पौलाचा ताठा वाटतो. मला नाही वाटत. तो तर पुढच्या गावी जाणार होता. मागे राहणार होती पौलाच्या उपदेशाने विश्वास ठेवलेली लुदिया, त्या नायकाचे विश्वासात आलेले घर, नुकती उभी राहिलेली ख्रिस्ती मंडळी. मार भर बाजारात पडला होता. पौल-सीला गुपचूप निघून गेले असते, तर गुन्हेगारांचे सोबती हा शिक्का या लोकांवर बसला असता.

त्या दासीचे पुढे काय झाले, शास्त्र सांगत नाही. ती खंत मला आहे, आणि मुलांनाही मी तसे सांगितले.

अधिकाऱ्यांनी शहर सोडून जाण्याची विनंती केली. पौल आणि सीला आधी लुदियेच्या घरी गेले, बंधुजनांना भेटले, त्यांना धीर दिला आणि मग निघाले.

आपली,
एक वाचक, अहिल्यानगर