थ्रीडी गेममध्ये हाताने काढलेले पात्र चालते, हिशेब मात्र आधी करावा लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की ॲनिमेशन आणि गेमिंगच्या अभ्यासक्रमांची माहिती देणारे लेख येऊ लागतात. थ्रीडी गेममध्ये हाताने काढलेल्या चित्रांना आता जागा उरलेली नाही, असे त्यांत हटकून सांगितलेले असते. ते वाचून हात चांगला असलेली मुले पेन्सिल ठेवून थेट सॉफ्टवेअरच्या क्लासला जातात. आमचे मत वेगळे आहे. कॅमेरा पात्राभोवती चौफेर फिरतो अशा गेममध्येही हाताने काढलेले पात्र उत्तम चालते. काम फसते ते किती कोनांतून किती चित्रे लागतील हे न मोजता कामाला बसल्यामुळे.

१९९३ च्या ‘डूम’ या गेममधले राक्षस सपाट चित्रेच आहेत. प्रत्येकाची आठ दिशांची, म्हणजे दर ४५ अंशांची चित्रे आहेत. काहींच्या मातीच्या बाहुल्या करून त्या वेगवेगळ्या कोनांतून टिपल्या आणि मग त्या प्रतिमांवर संगणकात हात फिरवला. मरण्याची चित्रे मात्र एकाच दिशेची. प्रेताला कुठूनही पाहा, तेच चित्र दिसते आणि खेळणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. ही काटकसर आजही तितकीच उपयोगी आहे.

एक साधा शत्रू घ्या. उभे राहण्याची ४, चालण्याची ८, हल्ल्याची ६ आणि मार खाण्याची २ अशी २० चित्रे होतात. आठ दिशांनी ती १६० होतात आणि मरण्याची ८ धरून १६८. समोर, पाठ, एक बाजू आणि मधले दोन तिरपे कोन अशा पाचच दिशा काढल्या आणि उरलेल्या तीन आरशासारख्या उलटवल्या, तर १०० अधिक ८, म्हणजे १०८ चित्रांत काम भागते. ६० चित्रे वाचतात, पण त्याची किंमत असते. उजव्या हातातली तलवार वळणावर डाव्या हातात जाते. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर येतो, आणि बाई अर्ध्या वळणात गुजराती होते! म्हणून उलटवायच्या पात्राचा पोशाख दोन्ही बाजूंनी सारखा ठेवावा आणि चित्रातच एका बाजूने सावली रंगवू नये. नाहीतर पात्र वळले की सूर्यही वळतो.

कोणती दिशा दाखवायची याचे गणित लहान आहे. पात्रापासून कॅमेऱ्यापर्यंतच्या रेषेचा कोन घ्यावा, त्यातून पात्राचे तोंड ज्या दिशेला आहे तो कोन वजा करावा, ४५ ने भागावे आणि जवळचा पूर्णांक घ्यावा. इथे कॅमेरा कुठे उभा आहे ते धरायचे, तो कुठे पाहतो आहे ते नव्हे. तसे केले नाही तर खेळणाऱ्याने नुसती मान वळवली तरी सगळे शत्रू जागच्या जागी गर्रकन फिरतात. दोन दिशांच्या सीमेवर चित्र फडफडते. त्यावर उपाय म्हणजे सीमा तीन-चार अंश ओलांडल्याशिवाय चालू दिशा सोडायची नाही.

सर्वांत जास्त चुका चालण्यात होतात. आठ चित्रांची वॉक सायकल, म्हणजे चालण्याची पुन्हा पुन्हा फिरणारी चित्रमालिका, सेकंदाला १२ चित्रांच्या गतीने दोन तृतीयांश सेकंदात पुरी होते. तेवढ्यात ७० सेंटिमीटरची दोन पावले पडली, तर खरा वेग सेकंदाला २.१ मीटर झाला. प्रोग्रामरने पात्र ४ मीटरने पळवले की पाय बर्फावरून घसरल्यासारखे दिसतात, आणि दोष चित्रकाराच्या माथी येतो. चित्र वेळेवर नाही, कापलेल्या अंतरावर बदलावे. वरच्या उदाहरणात दर १७.५ सेंटिमीटरला एक चित्र. दिशा बदलली तरी चित्राचा क्रमांक तोच राहिला पाहिजे. पाचव्या चित्रावर वळलेल्या पात्राने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तर ते प्रत्येक वळणाला अडखळते. त्यासाठी पाचही दिशांत टाच टेकण्याचे चित्र एकाच क्रमांकावर हवे, आणि ते एक्स-शीटवर, म्हणजे कोणते चित्र केव्हा येते त्याच्या तक्त्यावर, आधीच लिहून ठेवावे लागते. चित्राचा टेकणबिंदूही, म्हणजे गेममध्ये चित्र ज्या बिंदूवर टेकवले जाते तो, सर्वत्र दोन पावलांच्या मधोमध, जमिनीवर धरावा. भोवतीची रिकामी जागा आपोआप छाटणारी सॉफ्टवेअर तो बिंदू हलवतात आणि पात्र उड्या मारू लागते.

हल्ल्याआधीची पूर्वतयारी लांबवण्याची सवय चित्रपटात शोभते. खेळणाऱ्याच्या पात्राला तशी सहा चित्रे दिली, तर बटण दाबल्यावर अर्धा सेकंद काहीच घडत नाही. तिथे एकच चित्र पुरे. शत्रूला मात्र लांबलचक पूर्वतयारी द्यावी, तेवढ्यात खेळणाऱ्याला सावध होता येते.

चित्राचा पत्रा, म्हणजे गेममध्ये चित्र ज्यावर चिकटवतात तो सपाट पृष्ठभाग, फक्त उभ्या अक्षाभोवती कॅमेऱ्याकडे वळवावा. तो वरखालीही वळू दिला, तर वरून पाहताना पात्र मागे रेलते आणि डोके भिंतीत घुसते. उभ्या पत्र्याची उंची ३० अंश वरून पाहिल्यास सुमारे ८७ टक्के दिसते, ६० अंशांवरून निम्मी. म्हणून कॅमेरा ३० अंशांवर थांबवावा, किंवा वरून दिसणाऱ्या चित्रांचा दुसरा संच काढायची तयारी ठेवावी. मग १०८ चे जवळजवळ दुप्पट होतात.

कडांसाठी पारदर्शकता अर्धवट न ठेवता पिक्सेल एकतर दिसेल किंवा कापला जाईल अशी मांडणी बरी. अर्धपारदर्शक पत्रे एकमेकांच्या पुढेमागे चुकीच्या क्रमाने येतात. पण या पद्धतीत बारीक रेषा दुरून गायब होते, तेव्हा बाह्यरेषा जाडच हवी. सावलीसाठी पायाखाली मऊ गोल डाग पुरतो, कारण बाजूच्या उजेडात पत्र्याची खरी सावली काठीएवढी पडते. मेमरीचा बाऊ नको: ५१२ गुणिले ५१२ चे चित्र न दाबता १ एमबी, म्हणजे १०८ चित्रे १०८ एमबी, बीसी७ पद्धतीने दाबल्यास २७.

उलट वाटही आहे. जपानच्या आर्क सिस्टिम वर्क्सने ‘गिल्टी गिअर एक्सआरडी’मध्ये (२०१४) थ्रीडी मॉडेलच वापरले, पण दोन पोझमधली हालचाल संगणकाला भरू दिली नाही. प्रत्येक पोझ माणसाने बसवली. त्यालाही चित्रकाराचीच नजर लागते.

आमची मागणी छोटी आहे. पहिल्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्याकडून एका पात्राची पाच दिशांतली वॉक सायकल, म्हणजे ४० चित्रे, कागदावर करून घ्यावी आणि ती गोडो या गेम बनवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, थ्रीडी जागेत सपाट चित्र उभे करणाऱ्या स्प्राइट-थ्रीडी नोडवर चढवून भोवती कॅमेरा फिरवून तपासावी. लाइट बॉक्स (खालून उजेड येणारी पेटी), पेग बार (कागद एकाच जागी धरणारी पट्टी) आणि एक स्कॅनर यापलीकडे खर्च नाही. आपल्या पुरवणीत अभ्यासक्रमांची यादी देताना हा सराव कुठे करून घेतला जातो, त्याचाही एक रकाना द्यावा, ही विनंती.

आपले,
ॲनिमेशन शिकवणारे दोन शिक्षक, पुणे