डिलाइटचा नंबर जप रे बाबा!

प्रिय बंड्या,

तुझ्या मामांच्या गोठ्यात 1968 ची फियाट डिलाइट निघाली हे वाचून आधी हेवाच वाटला. पण तू लिहिलंयस की डेंटर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, म्हणतो, "बॉनेटखालचा पत्रा पार गेलाय, नवा घालतो आणि त्यावर चासी नंबर पंच करून (ठोकून) देतो." त्याला आजच्या आज फोन करून थांबव.

अँबेसिडर काय, डिलाइट काय, या गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. बॉडी हीच चासी. त्यामुळे नंबर असलेला पत्रा कापला, की गाडीची ओळखच भंगारात गेली. आणि नंबर आपल्या हातानं पंच करायचा अधिकार ना त्याला आहे ना तुला. अक्षर न् अक्षर तेच ठोकलं तरी इन्स्पेक्टरच्या डोळ्याला ती खाडाखोडच दिसणार, आणि चोरीच्या गाड्यांचे नंबरही असेच ठोकतात. गाडी मामांचीच आहे हे मग तू कुणाकुणाला पटवत बसणार?

आधी एवढं कर. रॉकेलचा बोळा घेऊन ती जागा हलक्या हातानं पूस. ग्राइंडर, एमरी काही लावू नकोस, आकडे उथळ असतात. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी धरून घास, नंबर कागदावर उमटतो. आरटीओत याच पेन्सिल प्रिंटला किंमत आहे. मग आरसी बुकाशी एकेक आकडा जुळव. हल्लीच्या गाड्यांसारखा 17 अक्षरी नंबर शोधू नकोस, त्या काळी प्रत्येक कंपनीची आपली तऱ्हा होती. जुन्या हस्तलिखित बुकात 3 चा 8 झालेला असतो. तसं असेल तर दुरुस्ती कागदाची करून घ्यायची, पत्र्याची नाही.

खरंच गंजून वाचता येत नसेल, तर पत्र्याला हात लावण्याआधी आरटीओकडे अर्ज दे. ते गाडी पाहतील, चोरीची नोंद नाही ना ते तपासायला लावतील आणि परवानगी देतील तेव्हाच पंचिंग. वेळ जातो, चकरा होतात, पण दुसरा रस्ता नाही. शेजारचा पत्रा बदलायचा असला तरी नंबराचा तुकडा जागेवरच राहू दे आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढ.

डिझेल इंजिन टाकायचा तुझा बेत मला मुळीच पसंत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. कायद्यात न बसणाऱ्या बदलाला 2019 पासून प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, कधी दोन्ही. शिवाय 2021 च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी बसते ती चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसतील तरच. नव्या नोंदणीला नंबरप्लेटवर 'व्हीए' मालिकेचा नंबर आणि 20,000 रुपये फी, पण आधीच नोंदलेल्या गाडीला प्लेटवरचा जुना नंबर ठेवता येतो. मामांचा तो नंबर गेला तर मामी तुला घरात घेणार नाही, हा वेगळाच कायदा!

दुसरी डिलाइट पार्टसाठी घेतोयस ना? दरवाजे, काचा, बंपर खुशाल काढ. तिचा चासी नंबराचा पत्रा मात्र आपल्या गाडीला जोडायचा नाही, "कागद क्लिअर आहेत" असं विकणारा कितीही म्हणो. आणि आरसी बुक सापडत नसेल तर आधी मामांच्या लोखंडी पेटीत बघ, एजंटकडे नंतर जा.

पेन्सिल प्रिंटचा फोटो पाठव.

तुझा,
दिन्या