शनिवारच्या आत अर्ज कर

एडिसन, न्यू जर्सी
गुरुवार

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, की कंपनीने काढले तरी बेरोजगारी भत्त्यासाठी सरकारपुढे हात पसरणार नाही. दोन महिन्यांचा पगार हातात आहे, तेवढ्यात दुसरी नोकरी मिळेल. नोकरीविषयी मलाही शंका नाही. पण येथे हात पसरण्याचा प्रश्नच येत नाही, हे इतकी वर्षे लोकांचे पगार काढलेल्या आईकडून ऐकून घे. 1935 च्या सोशल सिक्युरिटी कायद्यापासून केंद्र आणि राज्ये मिळून ही व्यवस्था चालवतात, आणि ती विम्याची आहे, दानाची नव्हे. आमच्या न्यू जर्सीत नोकरदाराच्या पगारातूनही तिचा वाटा कापतात, म्हणून तो दिसतो. तुमच्या कॅलिफोर्नियात हा कर मालक एकटाच भरतो, त्यामुळे तुझ्या पगारपत्रकावर तो कधी आला नाही. (तेथे एसडीआय म्हणून जे कापले जाई ते आजारपणासाठी, त्याचा याच्याशी संबंध नाही.) ग्रीन कार्डाला याने धोका पोहोचतो, ही आपल्या मंडळींतली कुजबुजही निराधार आहे, हा भत्ता ‘पब्लिक चार्ज’मध्ये, म्हणजे सरकारवर भार होण्यात, धरत नाहीत. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असलेल्यांना तो सहसा मिळत नाही, त्यावरून ही समजूत पसरली असावी.

आता घाई कशासाठी, ते सांगते. दावा ज्या आठवड्यात दाखल होतो त्या आठवड्याच्या रविवारपासून तो धरला जातो, आणि सबळ कारणाशिवाय मागची तारीख मिळत नाही. शनिवारपर्यंत अर्ज केलास, तर हा आठवडा हातचा जाणार नाही. पहिला पात्र आठवडा बिनपैशाचा जातो, पण त्याचीही माहिती भरावीच लागते. म्हणजे तू महिनाभर थांबलीस, तर तेवढे आठवडे गेले. आणि मिळणार तरी किती? 2005 पासून कमाल रक्कम आठवड्याला 450 डॉलर इतकीच आहे, तीही एरवी जास्तीत जास्त 26 आठवडे. सॅन होजेत तेवढ्यात घरभाडेसुद्धा निघत नाही. तरीही ती तुझी आहे.

कंपनीने दिलेल्या रकमेचा कागद नीट वाच. नोकरी संपल्याची भरपाई म्हणून दिलेला पैसा कॅलिफोर्नियात सहसा भत्त्यातून वजा होत नाही, पण नोटिशीच्या बदल्यात दिलेला पगार होऊ शकतो. त्यामुळे त्या रकमेला कागदावर काय नाव दिले आहे याला महत्त्व आहे. अर्जात नोकरी सुटण्याचे कारण ‘लेऑफ’ असेच लिही. ‘परस्परसंमतीने’ वगैरे गोड शब्द मनुष्यबळ खात्याने वापरले असतील, पण स्वतः राजीनामा दिल्यासारखे वाटेल असे काही तू लिहू नकोस, कारण खरे तसे नाही आणि मग चौकशी सुरू होते.

अर्जानंतर दर दोन आठवड्यांनी ईडीडीच्या, म्हणजे हा भत्ता देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या रोजगार खात्याच्या, संकेतस्थळावर प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: काम शोधलेस का, आलेले काम नाकारलेस का, काही कमाई झाली का. लोक येथेच घसरतात. शनिवारी तू मुलींना कथक शिकवतेस त्याचे पैसे मिळाले, तर ज्या आठवड्यात शिकवलेस त्याच आठवड्यात दाखव, मग पैसे केव्हाही येवोत. त्यातले 25 डॉलर किंवा एक चतुर्थांश, जे जास्त असेल ते सोडून उरलेले भत्त्यातून वजा होते. डिसेंबरात मामेबहिणीच्या लग्नाला पुण्याला जाणार असशील तर जरूर जा; मात्र त्या दिवसांत तू कामासाठी उपलब्ध नव्हतीस, हे सरळ लिही. पुण्यात बसून ‘होय, उपलब्ध आहे’ असे भरणारे हुशार लोक मला ठाऊक आहेत. खोट्या माहितीने घेतलेला पैसा 30 टक्के दंडासह परत करावा लागतो आणि पुढचे आठवडेही गोठवले जातात.

ओळख पटवण्याची पायरी कंटाळवाणी आहे, ती एकदा उरकून टाक. टेलिफोन मुलाखतीची तारीख आली, तर त्या वेळेत अनोळखी नंबरही उचल. दावा नाकारला गेलाच, तर पत्र टपालात पडल्याच्या तारखेपासून 30 दिवसांत अपील करता येते; त्या काळातही दर पंधरवड्याची उत्तरे भरत राहा, नाहीतर अपील जिंकूनही मधल्या आठवड्यांचे पैसे अडकतात.

या भत्त्यावर कॅलिफोर्निया कर घेत नाही, केंद्र घेते. अर्जातच 10 टक्के कापून घेण्याचा पर्याय निवड, म्हणजे एप्रिलमध्ये कर भरताना रडावे लागणार नाही.

भरताना अडलीस तर आमच्या रात्री नऊनंतर फोन कर. तुझ्याकडे तेव्हा सहाच वाजलेले असतात.

तुझी,
आई