धनेशाच्या घरट्याचे फोटो छापू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मार्चमध्ये आम्ही चौघं मित्र बेळगावहून पहाटे निघून खानापूर-अळणावर करत दांडेलीला सफारीला गेलेलो. काळी व्याघ्र प्रकल्पात जीपमधनं गवे, सांबर आणि एक शेकरू एवढं मिळालं, वाघ-बिबट्या काय दिसला नाही, त्याचं वाईटही वाटलं नाही कारण त्या दाट झाडीत उजेड इतका कमी की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याचं उजेड टिपायचं सेटिंग, 3200 वर नेला तरी शटर स्पीड पुरत नाही, फोटो हलतो.

मला लिहायचंय ते नंतरचं. दुपारी आमच्यासोबतचा पोरगा म्हणाला चला, मंगट्टेचं घरटं दाखवतो, फुल फ्रेम मिळतंय, म्हणजे पक्षी फोटोभर मोठा येतो. मंगट्टे म्हणजे आपला धनेश, हॉर्नबिल. एका होमस्टेच्या मागं जुन्या झाडात ढोली होती आणि समोर आठ-दहा जण ट्रायपॉड लावून आधीच उभे, झाडापासनं वीस पावलं असतील नसतील.

मादी आत होती. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल, फळांचा चोथा लिंपून दार बंद करून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिची उडायची पिसं झडतात, मग दोन-तीन महिने ती आणि पुढं पिल्लं, सगळी त्या एकट्या नराच्या जिवावर. तो उंबराची, वडाची फळं गळ्यात भरून आणतो आणि एकेक करून फटीतनं तिला देतो.

नर आला, पलीकडच्या झाडावर बसला, आमची गर्दी बघितली आणि पुढं येईनाच. पाऊण तास. कुणीतरी मोबाईलवर धनेशाचा आवाज लावला, एकजण टाळ्या वाजवायला लागला, कॅमेऱ्यांची कटकट तर चालूच. शेवटी तो तसाच गळा भरलेला उडून गेला. फटीतनं मादीची चोच दोनदा बाहेर आली आणि आत गेली, मी लेन्समधनं स्पष्ट बघितलं, फोटोही काढला. घरी येऊन डिलीट केला, पण तिथं त्या गर्दीत मी पण उभा होतोच की.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या दिलीय, त्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेही शिकारच धरलंय. बंदूक लागत नाही. 31 डिसेंबर 2024 ला नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ टू नावाची वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी अडवलं तेव्हा व्हिडिओ फिरला, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली, बरं झालं. धनेशाचा व्हिडिओ कोण फिरवणार?

धनेश बघायचाच असेल तर दांडेलीच्या टिंबर डेपोत सकाळी जावा, कवड्या धनेश झाडांवर आरामात बसलेले असतात, लांबनं घ्या, उडताना घ्या, उजेडही चांगला असतो. ढोलीकडं कशाला जायचं?

आणि तुमच्याकडं एक मागणं आहे. वाचकांचे फोटो छापता ही चांगली गोष्ट, पण ढोलीवरचा धनेश छापू नका, कितीही भारी फोटो आला तरी, आणि गावाचं नाव तर नकोच. व्हॉट्सॲप ग्रुपवाल्यांनाही तेच सांगणं आहे, लोकेशन टाकू नका. एकाला जागा कळली की पुढच्या रविवारी गाड्यांची रांग लागते. धनेश वर्षानुवर्षं तीच ढोली वापरतो, त्याला लाकूड पोखरून नवीन करता येत नाही, आयती मोठी ढोली लागते आणि तसली जुनी झाडं आता राहिलीत किती. आपल्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या बाजूलाही धनेश आहेत, तिकडच्या ढोल्या अजून फारशा कुणाला माहीत नाहीत, त्या तशाच राहू देत.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव