वनमंत्री साहेब, नर्सरीत एक वाफा रानफुलांना द्या

मा. वनमंत्री, गोवा राज्य यांस,

साहेब, नमस्कार. मी फोंड्याकडचा, घरामागे थोडं कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, आहे आणि गेले चार पावसाळे बियांपासून रानफुलं वाढवायचा नाद लागलाय, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

वनमहोत्सवाला आमच्या वाड्यावर रोपं येतात ती सगळी झाडांची, चांगलंच आहे ते, पण भारंगी, कळलावी, शेरवड, घागरी ही आपली सड्यावरची नि रस्त्याकडेची फुलं त्या पिशव्यांत मी अजून बघितली नाहीत. ऑनलाइन रानफुलांचं मिक्स पाकीट मागवलं तर आत कॉसमॉस आणि झिनिया, दोन्ही मूळचे मेक्सिकोकडचे, एका सीझनात संपणारे. भारंगीचं मूळ एकदा बसलं की दर पावसाळ्यात ती परत फुटते, आणि ऐन पावसात तिला निळे तुरे येतात तेव्हा काळे भुंगे सकाळपासून त्यांना लोंबकळत असतात.

आणि ही नुसती हौस नाही. आपल्या आगशी गावच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा आपण सगळे खूश झालो ना? वांग्याच्या फुलात मध नसतोच, पराग नळीत बंद, टोकाला बारीक भोक. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला घट्ट धरून अंग थरथरवते, झूंऽऽ असा आवाज येतो आणि पराग पिठासारखा तिच्या पोटावर सांडतो. सातेरीला, म्हणजे आपल्या पेटीतल्या मधमाशीला, हे जमत नाही. वाऱ्यानेही थोडी फळं धरतात, पण भुंगे आले की जास्त. मग वांगी नसतात त्या महिन्यांत या भुंग्यांनी पोट कुठं भरायचं?

गेल्या वर्षी रस्त्याकडेच्या भारंगीला हिरवी फळं धरलेली, मी रोज बघून यायचो, काळी झाली की बी काढणार होतो, आणि चवथीआधी गवत कापायला माणसं आली, तासाभरात सगळं सपाट. खूप वाईट वाटलं. कापणाऱ्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

कळलावीचं बी तर फार सतावतं, महिनोन्‌महिने उगवत नाही, मग एक पान, खाली इवलासा कंद, फूल यायला दोन-तीन पावसाळे. चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानफळं-फुलांची माटोळी बांधतो, तिला आपण ती रानातून ओढून आणतो, पण परत लावत कोणीच नाही. एवढी वर्षं सांभाळायचं काम सरकारी नर्सरीच करू शकते.

म्हणून मागणं दोनच. प्रत्येक तालुक्याच्या नर्सरीत त्याच भागातल्या बियांचा एक वाफा करा, आणि वळणं सोडून बाकी रस्त्याकडेची कापणी बी पिकेपर्यंत थांबवा.

घागरीच्या शेंगा आता वाळून वाजायला लागल्यात, म्हणजे बी तयार. कडक असतं, गरम पाण्यात रात्रभर भिजवून टाकलं की उगवतं. दोन डबे भरून ठेवलंय. कुठल्या नर्सरीत आणून देऊ तेवढं कळवा.

तुमच्याच राज्यातला एक बागायतदार