चावीचा दोष नव्हता

चिपळूण,
श्रावणी सोमवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

गाडी आता रिमोटने उघडते. फोनवरच सांगणार होतो, पण "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणून तू पुढचं ऐकलंच नसतंस. म्हणून लिहितोय.

आषाढात आलीस तेव्हा चावी जीन्सच्या खिशातच राहिली आणि मशीनमध्ये धुतली गेली. त्यावरून मी तुला नको तेवढं बोललो. परवा कपाटातली दुसरी चावी काढून तिच्यात नवा सीआर २०३२ सेल घातला, तर तीही मुकी! दोन्ही चाव्या एकदम कशा जातील? तसं तर तू यायच्या आधीपासूनच गाडी फाटकातून उघडेनाशी झाली होती, अगदी दाराशी जाऊन बटण दाबावं लागायचं. ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

ड्रायव्हरच्या दारावरचं बटण दाबलं की चारी दारं खटकन लॉक होत होती, म्हणजे मोटरी आणि फ्यूज ठीक. गाडी सुरूही होत होती, पण ते इमोबिलायझरचं, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं काम. त्याची चिप चावीत वेगळी असते, तिला सेल लागत नाही. उरला रिसीव्हर, म्हणजे चावीचा सिग्नल पकडणारी गाडीतली डबी.

रविवारी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली आणि चहा होईपर्यंत थांबलो. एअरबॅग चुकून उघडू नये म्हणून थांबावं लागतं, आणि तिच्या पिवळ्या कनेक्टरांना हात लावायचा नाही. मग ग्लोव्ह बॉक्स उतरवला. एक क्लिप मोडली, आईला सांगू नकोस. टॉर्च तोंडात धरून, मान वाकडी करून पाहिलं, तर आत काडेपेटीएवढी काळी डबी. तिचा प्लग ओढला. दोन पिनांवर तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक.

नवी डबी लगेच लावली असती तर तीही सडली असती. डाव्या बाजूचं मॅट उचललं, खाली सगळं चिंब. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी मातीने तुंबली होती. पावसात काचेवरची वाफ घालवायला आपण एसी लावतो, ते पाणी आतच या डबीवर ठिबकत होतं. गाडीखाली आडवा होऊन नळीत तार घातली आणि तांब्याभर गार पाणी भसकन माझ्या बाहीत शिरलं.

जुन्या डबीवरचा नंबर आणि सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीचा ४३३.९२ मेगाहर्ट्‌झ हा आकडा जुळवून नवी आणली. बसवणं पाच मिनिटांचं. चाव्या ओळखायला लावण्यासाठी मात्र इलेक्ट्रिशियनला स्कॅनर घेऊन बोलवावं लागलं. दोन्ही चाव्या समोर ठेवा म्हणाला, जी नसेल ती बाहेर राहील.

तुझी चावी पहिल्या झटक्यात जोडली गेली. आता मी तीच वापरतो. तिला अजून साबणाचा वास येतो.

तुझा,
बाबा